खुंटीवरची कानटोपी

आमच्या खाणीत उतरलेला माणूस सगळ्यात आधी भिंत चाटतो. वय, शिक्षण, देश, काहीही असो. मागे कुणीतरी ‘कृपया भिंती चाटू नयेत’ अशी पाटी लावली. ती वाचून, ज्यांना तोवर सुचलं नव्हतं तेही चाटायला लागले. एकदा एक दातांचे डॉक्टर आले होते. त्यांनी आधी बायकोला ‘डोंट’ म्हणून दटावलं, आणि ती पुढे गेल्यावर हळूच स्वतः जीभ लावली. मी बघितलं हे त्यांनी बघितलं, मग आम्ही दोघांनीही छताकडे बघितलं.

मी मिठाच्या खाणीत गाइड आहे. अमेरिकेच्या मधोमध, गव्हाच्या शेतांखाली, शंभरएक वर्षांपूर्वी खोदायला सुरुवात झालेली ही खाण. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इथल्या मराठी मंडळातल्यांना ते माहीत आहेच, आणि त्या मंडळींसाठीच तर हे लिहितो आहे. बायकोला, संगीताला, इथल्या हॉस्पिटलमध्ये नर्सची नोकरी लागली. माझी शहरातली सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी गेली होती. घरी बसून तिचं डोकं खाण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून शनिवार-रविवार इथे यायला लागलो आणि राहूनच गेलो. नागपूरला आईला अजूनही वाटतं की मी ‘मायनिंग कंपनीत’ आहे. ते काही खोटं नाही.

कामाचं स्वरूप सोपं आहे. वरून लोकांना खाणीच्या लिफ्टमध्ये बसवायचं. ती एवढी काळोखी आणि एवढी गडगडत जाते, की उतरताना पोरं ओरडतात आणि मोठी माणसं विनोद करतात. (मी इतकी वर्षं रोज उतरतो, आणि दर वेळी माझ्या तळव्यांना घाम येतो. हेही कधी कुणाला सांगितलं नव्हतं.) खाली रस्ते आहेत, रुंद, कोरडे, बाराही महिने एकसारख्या हवेचे. ट्रॅममध्ये बसवून फिरवायचं. मिठात काही कुजत नाही, त्यामुळे जुन्या कामगारांनी टाकलेले गोळ्यांचे कागद, फाटके हातमोजे, वर्तमानपत्रं जशीच्या तशी पडलेली असतात, ती दाखवायची. शेवटी मिठाच्या ढिगाऱ्यातून प्रत्येकाला एक खडा आठवण म्हणून द्यायचा.

आणि मध्ये एकदा दिवे घालवायचे. टूरचा हा सगळ्यात लाडका भाग. तिथला अंधार वर कुठेच मिळत नाही. स्वतःचा हात नाकासमोर धरला तरी दिसत नाही. त्या अंधारात एका पोरानं मैत्रिणीला लग्नाचं विचारलं होतं. ती काही बोलेना. मी घाबरून दिवे लावले, तर ती मान हलवून हलवून ‘हो’ म्हणत होती, बिचारीला वाटलं त्याला दिसतंय.

त्या अंधारात मी एक ठरलेलं वाक्य म्हणतो. ते पुढे लागणार आहे म्हणून इथे लिहून ठेवतो. “खाणीत दिवे गेले आणि तुम्ही एकटे असलात तर काय करायचं? काही नाही. आहात तिथेच बसायचं. वर खिळा रिकामा असतो. आम्हाला कळतं. आम्ही येतो.”

खिळ्याचं असं, की खाणीच्या तोंडाशी लाकडी फळा आहे, त्यावर खिळे, आणि खिळ्यांवर नंबर घातलेले पितळी बिल्ले. खाली जाताना प्रत्येकानं आपला बिल्ला काढून खिशात ठेवायचा. वर आल्यावर आपल्या हातानं परत लावायचा. रिकामा खिळा म्हणजे खाली माणूस. ही खाणवाल्यांची जुनी पद्धत आहे. कॉम्प्युटर आले, कॅमेरे आले, तरी फळा काही गेला नाही. बिल्ला दुसऱ्याला द्यायचा नाही, दुसऱ्याचा घ्यायचा नाही. पहिल्या दिवशी मला हे लिफ्ट चालवणाऱ्या डार्लीननं शिकवलं. साठीची बाई, तिचा बाप याच खाणीत होता. ती म्हणाली होती, “मिलिंद, बाकी सगळं विसरलास तर मी हसेन. हे विसरलास तर हसणार नाही.”

आता गेल्या उन्हाळ्यातल्या ट्रिपविषयी.

मंडळाची ट्रिप खाणीला यायची हे ठरल्यापासून मी फुगलो होतो. इतक्या वर्षांत आपल्या माणसांना मराठीतून खाण दाखवायची ही पहिलीच वेळ. दिवसाची शेवटची टूर त्यांच्यासाठी राखून ठेवली. गाड्यांमधून माणसं उतरली, डबे उतरले, परत चढले, कारण पाहुण्यांना खाली खायला मनाई. ट्रिपचं सगळं अमोलनं जमवलं होतं. अमोल शहरात सॉफ्टवेअरमध्ये, चाळिशीचा, अतिशय व्यवस्थित. त्याचे आईवडील, नाना आणि माई, कऱ्हाडहून सहा महिन्यांसाठी आले होते.

नाना वीज मंडळातून रिटायर झालेले. जुलैचा रणरणता उन्हाळा, आणि नानांच्या डोक्यावर माईंनी विणलेली तपकिरी कानटोपी.

“बाहेर उकडतं हो,” ते मला म्हणाले, “पण ह्या देशात आत गेलं की फ्रिज. ही काढून कुठे ठेवू?”

हेल्मेट घालायचं म्हणून टोप्या काढून ठेवायला फळ्याशेजारी खुंट्या आहेत. बेसबॉलच्या टोप्यांच्या रांगेत कानटोपी लटकली.

ती टूर माझी सगळ्यात चांगली झाली. मराठीत बोलायला लागल्यावर मला असे विनोद सुचत गेले की माझं मलाच नवल वाटलं. भिंती चाटून झाल्या. “आज्जी, इट्स सो सॉल्टी!” असं अमोलच्या मुलीनं ओरडून सांगितलं, आणि माई म्हणाल्या, “अगं, मग काय गोड असणार?” खडे वाटायची वेळ आली तेव्हा मी सवयीनं माईंच्या हातावर खडा ठेवायला गेलो, तशा त्या दोन पावलं मागे सरकल्या.

“हातावर नको. मीठ हातावर दिलं की भांडण होतं. खाली ठेव, मी उचलते.”

मग काय, सगळ्याच बायकांना आठवलं. मी एकेक खडा जमिनीवर ठेवत गेलो आणि मंडळी उचलत गेली. खाणीत इतक्या वर्षांत मीठ जमिनीवर ठेवून परत उचलणारा आमचाच ग्रुप पहिला असणार.

परतीच्या ट्रॅमशी माईंनी आणखी एक काम केलं, आपल्या घरची कुठलीही आजी करेल असं. “द्या रे सगळे ते बिल्ले इकडे. अमोल तर हमखास हरवणार.” विमानात पासपोर्ट गोळा करतात तसे त्यांनी अख्ख्या ग्रुपचे बिल्ले गोळा करून पर्समध्ये टाकले. नानांचा मोबाइल आधीच त्या पर्समध्ये होता. मी बघितलं. म्हणायला हवं होतं, “माई, असं चालत नाही.” पण एवढी रंगलेली टूर, त्यात नियम कुठे सांगत बसायचा? बरं दिसलं नसतं. मी हसलो.

लिफ्ट छोटी, म्हणून ग्रुप दोन खेपांत वर गेला. पहिल्या खेपेला वाटलं नाना दुसऱ्या खेपेत आहेत, दुसऱ्या खेपेला वाटलं पहिल्या. मी डोकी मोजत होतो, पण कुणीतरी म्हणालं, “मिलिंद, दिवाळी अंकात ह्यावर लिही की!” आणि मी मोजायचं सोडून लाजत बसलो. वर माईंनी मूठभर बिल्ले माझ्या हातात दिले. “मोजून घे हो, सगळे आहेत.” सगळे होतेच. मी स्वतःच्या हातानं ते एकापाठोपाठ एक लावून टाकले. एकही खिळा रिकामा राहिला नाही.

गाड्या गेल्या. मी हेल्मेटं पुसत होतो. सहज वर बघितलं, तर रिकाम्या खुंट्यांच्या रांगेत एकच वस्तू. तपकिरी कानटोपी.

नाना टोपीशिवाय एसी गाडीत बसणार नाहीत हे मला अर्ध्या दिवसाच्या ओळखीत कळलं होतं.

अशा वेळी नियम स्पष्ट आहे. बटण दाबायचं. भोंगा वाजतो, पलीकडच्या चालू खाणीतलं कामसुद्धा थांबतं, बचाव पथक येतं. टोपी हातात धरून उभा असताना माझ्या डोक्यात दोन गोष्टी होत्या. अंधारात बसलेला म्हातारा माणूस, आणि माझी नोकरी. त्यातली कुठली आधी आली हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहितो. नोकरी.

मी डार्लीनला म्हणालो, “डबा खाली विसरलो.”

तिनं माझ्याकडे बघितलं, मग लिफ्ट सोडली.

शेवटच्या थांब्याशी, जिथे माईंनी बिल्ले गोळा केले तिथेच, एक बाजूची खोली आहे. त्यात जुन्या कामगारांचा स्विचबोर्ड आहे, चिनी मातीचे फ्यूज असलेला. तिथून निघताना दिवे मीच बंद केले होते, नेहमीसारखे. वीज मंडळाचा माणूस फ्यूज बघून थांबणार नाही, तर कुठे थांबेल? दिवे लावायच्या आधी मी हाक मारली. मिठात आवाज फार लांब जात नाही.

“नाना!”

“आहे, आहे,” अगदी जवळून आवाज आला. “दिवे जरा दमानं लाव. डोळ्यांना त्रास होतो.”

मिठाच्या ठोकळ्यावर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेच्या फोटोत बसतात तसे. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी ओरडलो, “नाना, तुम्ही हाक का नाही मारली?”

“मारली की. ट्रॅमचा आवाज होता. मग तू सांगितलं होतंस तसं केलं. आहे तिथं बसलो.” उठताना त्यांनी माझा खांदा धरला. “आयुष्यभर लोकांचं लोडशेडिंग केलं रे. म्हटलं, आज आपली पाळी.”

वर जाताना त्या गडगडाटात मी विचारलं, “भीती वाटली?”

“आधी नाही. तू म्हणालास ना, खिळा रिकामा असतो. मग आठवलं, माझा बिल्ला हिनं घेतलाय. म्हणजे हिनं दिला असणार, आणि तू लावला असणार. खिळा काही रिकामा नाही. तेव्हा वाटली.” हेल्मेट सरळ करत म्हणाले, “मग म्हटलं, टोपी आहे वर. कुणीतरी आवराआवर करेलच.”

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. गडद अंधारात, एकटा, सत्तरी ओलांडलेला माणूस बसून हे सगळं ओळीनं जुळवत होता.

लिफ्टचं दार उघडलं. डार्लीननं आधी मला बघितलं, मग नानांना, नखशिखान्त.

“डबा मोठा होता,” ती म्हणाली. हसली नाही. नानांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, “सकाळी ऑफिसला तू सांगतोस की मी?”

मी सांगितलं. ते सोपं गेलं, खरंच. साहेबांनी ऐकून घेतलं, मला काही आठवडे वर तिकीट खिडकीवर बसवलं, आणि तेव्हापासून बिल्ला लावताना प्रत्येकाच्या हाताकडे दोघांनी बघायचं असा नियम झाला. डार्लीन अजूनही रोज संध्याकाळी विचारते, “डबा घेतलास?” ते मी सहन करतो.

अवघड होतं ते दुसरंच.

त्या संध्याकाळी गाड्या गावाबाहेर आइस्क्रीमला थांबल्या, तेव्हा ‘नाना तुमच्या गाडीत ना?’ सुरू झालं. सगळे उलटे पळत आले. अमोल दारातच ओरडला, “बाबा! कुठे हरवलात?”

मी तोंड उघडलं. त्याआधी नाना बोलले. “जरा रेंगाळलो रे. माझंच चुकलं.” माईंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

अमोल माझ्याकडे वळला. “मिलिंददा, सॉरी यार. तुम्हाला उगाच त्रास.”

आणि मी म्हणालो, “छे, छे. असू दे.”

एवढंच. ऑफिसनं नंतर त्याला फोन करून माफी मागितली, तर हा पुढचं न ऐकताच म्हणाला, तुमची चूक नाही, वडिलांचं हल्ली वय झालंय.

गणपतीत मंडळाच्या आरतीला गेलो तेव्हा नाना कोपऱ्यात लहान मुलांच्यात बसले होते. मनगटावर जाड काळं घड्याळ. मी विचारलं, हे काय?

“जीपीएस. गाय चरत कुठं गेली ते मालकाला कळावं म्हणून.” आवाज खाली आणून म्हणाले, “संध्याकाळचं फिरणं बंद. रोज सकाळी विचारतो, बाबा, आज वार कोणता? एक दिवस कंटाळून चुकीचा सांगितला. तर डॉक्टरची अपॉइंटमेंट.”

“नाना, तुम्ही सांगत का नाही?”

“काय सांगू? हिनं बिल्ले घेतले म्हणून? ती आयुष्यभर स्वतःला खात बसेल. तू लावलेस म्हणून? तुझी नोकरी. शिवाय आता काही सांगितलं तरी म्हणेल, बाबांना नीट आठवत नाहीये.”

ऑफिसला सगळं माहीत आहे हे सांगणार, तेवढ्यात अमोल आला, मला बाजूला घेऊन म्हणाला, “बाबांचं जरा सुरू झालंय. खाणीत झालं तेव्हाच कळायला हवं होतं मला. दिवाळीआधीच पाठवतोय परत. ताईकडे राहतील. माई एकटी किती बघणार?” बोलताना त्याचे डोळे भरले होते. तो काही दुष्ट मुलगा नाही. त्याच्याकडे जी माहिती होती तिच्यावर त्यानं व्यवस्थित काम केलं होतं. अर्धी माहिती माझ्याकडे होती.

मी प्रसाद घेऊन घरी आलो.

संगीताला सांगितलं. तिनं टीव्ही बंद केला. “अंधारात लोकांना धीर देतोस,” ती म्हणाली, “आणि आरतीला दोनशे दिवे लागले होते, तिथे तोंड उघडलं नाहीस? उद्या जायचं. मी गाडी चालवते, म्हणजे तू मधूनच वळणार नाहीस.”

अमोलच्या स्वयंपाकघरात पोह्यांची बशी समोर घेऊन मी सगळं सांगितलं. मूठभर बिल्ले, बंद केलेले दिवे, डब्याची थाप. आणि लिफ्टमध्ये नाना जे म्हणाले ते, शब्दन् शब्द. बिल्ला हिच्याकडे, हिनं दिला असणार, तू लावला असणार, खिळा भरलेला, पण टोपी वर.

पोहे निवले. माईंनी पदर तोंडाला लावला. “म्हणजे मी हो... मी पाठ फिरवून वर आले आणि वर सांगितलं, सगळे आहेत म्हणून!”

“तू दिलेस, ह्यानं घेतले,” नाना म्हणाले. “दोघं वाटून घ्या. आणि अमोल, आज सोमवार. उद्या मंगळवार. काढ हे.”

अमोलनं घड्याळ काढलं. पट्ट्याचं बक्कल लवकर निघेना. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “मिलिंददा, मी त्यांना रोज सकाळी वार विचारत होतो. तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही आरतीला टाळ वाजवत होतात.”

आम्ही निघालो तेव्हा तो दारापर्यंत आला नाही.

तिकीट पुन्हा बदललं. नाना ठरलेले सहा महिने पुरे राहिले. संध्याकाळी फिरायला जायचे, बर्फातसुद्धा, आणि कोपऱ्यावरच्या घरातल्या कुत्र्याशी मराठीत बोलायचे, असं माईंनी फोनवर सांगितलं. अमोल मंडळात भेटला की मान हलवायचा. तेवढंच. मीही जास्त मागितलं नाही.

जायच्या आदल्या आठवड्यात नाना, माई आणि अमोल पुन्हा खाणीवर आले. नानांचा हट्ट. स्विचबोर्ड नीट बघायचा राहिला होता. फळ्याशी नानांनी बिल्ला घेतला, माईंचा हात सवयीनं पुढे आला, आणि नाना, अमोल आणि मी, तिघांनीही त्यांच्याकडे अशी नजर टाकली की तो हात तसाच पदराकडे गेला. खाली नानांनी मला त्या फ्यूजांवर एक व्याख्यान दिलं. ढिगाऱ्याशी मी वाकून खडा जमिनीवर ठेवायला लागलो, तर माई म्हणाल्या, “राहू दे. दे हातावर. आपलं भांडण होऊन गेलंय.” त्यांनी खडा घेतला. मग मी अमोलपुढे एक धरला. त्यानं जरा वेळ लावला, पण घेतला. हातावरच.

वर आल्यावर नानांनी बिल्ला स्वतः लावला. खिळ्यावर आहे की नाही ते बोटानं हलवून बघितलं, डार्लीनला नमस्कार केला, आणि तिघं गाडीकडे गेले. मी लगेच खुंट्यांकडे वळलो. हल्ली माझी मान आपोआप वळते.

कानटोपी तिथेच.

मी टोपी घेऊन पार्किंगमध्ये धावलो. गाडी सुरू झाली होती. अमोलनं काच खाली केली, टोपी बघितली, मग मागच्या सीटवर बसलेल्या नानांकडे आरशातून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर तीच जुनी काळजी उमटायला लागलेली मला दिसली.

“बघत होतो,” नाना म्हणाले, “खुंटीकडे बघतोस का.”

परीक्षा होती की खरंच विसरले होते, ते मी विचारलं नाही. मी अमोलकडे बघितलं. तो काहीतरी विचारणार होता. मग त्यानं हात लांब करून माझ्याकडून टोपी घेतली, मागे दिली, आणि म्हणाला, “घाला बाबा. एसी लावतोय.”